शेजाऱ्याचा कॅमेरा आणि आपलं दार

वाचकांचे कायदेविषयक प्रश्न : खासगीपणा, कॅमेरे आणि मोबाइल

या खेपेच्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत कुठला ना कुठला कॅमेरा आहे. सारख्या प्रश्नांची पत्रं एकत्र केली आहेत. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

समोरच्या फ्लॅटवाल्यांनी दारावर कॅमेरा बसवला आहे. आमचं दार उघडलं की थेट हॉल दिसतो. सांगून पाहिलं, तर म्हणतात, ‘माझ्या सुरक्षेसाठी आहे, तुम्हाला काय त्रास?’ मी तो काढायला लावू शकते का? (डोंबिवली)

काढायलाच लावाल असं नाही. वळवायला किंवा झाकायला मात्र नक्की लावू शकता, आणि बहुतेक भांडणं तिथेच मिटतात.

कोणी कॅमेरा कुठे लावावा हे सांगणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं. पण मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध चालतात, शेजाऱ्याविरुद्ध थेट नाही. त्याच्याविरुद्ध दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागावा लागतो. ही काही मोबाइलच्या जमान्यातली टूम नव्हे. शेजाऱ्याच्या नव्या बांधकामातून घरातल्या बायकांवर नजर पडते, या तक्रारीवर अलाहाबाद उच्च न्यायालयाने 1888 मध्येच परंपरेने चालत आलेला खासगीपणाचा हक्क मान्य केला होता. अलीकडचं उदाहरण कोलकात्याचं. एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात, घरातल्या दुसऱ्या रहिवाशाच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, असं तिथल्या उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2025 मध्ये सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात त्यात हात घातला नाही. तुमची घरं वेगळी आहेत, त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा लागू होत नाही. पण ‘सुरक्षा’ हा शब्द उच्चारला की सगळं माफ होत नाही, एवढं त्यातून दाखवता येतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं. आधी त्या कॅमेऱ्यात काय दिसतं ते ठरवा. दाराशी उभं राहून तुम्हाला कॅमेऱ्याची काच दिसत असेल, तर काचेलाही तुम्ही दिसता. काळ्या घुमटाचा कॅमेरा असेल तर बाहेरून त्याची दिशा कळत नाही, म्हणून शेजाऱ्यालाच त्याच्या मोबाइलवरचं चालू दृश्य दाखवायला सांगा. घरगुती कॅमेऱ्यांत बहुधा 2.8 मिलिमीटरची भिंग असते. ती 100 अंशांहून जास्त रुंद बघते, त्यामुळे पाच फुटी पॅसेजमध्ये ती लावली की समोरचं दार चित्रात येणारच. 6 मिलिमीटरची भिंग साधारण 50 अंश बघते. म्हणजे भिंग बदलून किंवा कॅमेरा स्वतःच्या उंबऱ्याकडे खाली वळवून त्याची सुरक्षा तेवढीच राहते आणि तुमचं दार सुटतं. तिसरा उपाय फुकटचा आहे. जवळपास प्रत्येक डीव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या पेटीच्या) आणि बऱ्याच वाय-फाय कॅमेऱ्यांच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी मास्क’ किंवा ‘प्रायव्हसी झोन’ असतो. तुमच्या दाराच्या चौकोनावर काळी पट्टी ओढली की तेवढा भाग रेकॉर्डच होत नाही. हे काम दोन मिनिटांचं आहे, पण लोकांना ते ठाऊक नसतं. बसवणारा माणूस पैसे घेऊन निघून जातो आणि मेनू पुन्हा कोणी उघडत नाही. कॅमेऱ्याला माइक आहे का, हेही विचारा. चित्रापेक्षा आवाजाची तक्रार जास्त गंभीर असते, कारण बंद दाराआडचं बोलणंही त्यात येऊ शकतं.

यानंतर लेखी पत्र. शेजाऱ्याला एक आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना एक, पोच घेऊन. पत्रात ‘कॅमेरा काढा’ असं लिहू नका. ‘आमच्या दाराचा भाग प्रायव्हसी मास्कने झाकावा, आवाजाचं रेकॉर्डिंग बंद करावं आणि तसं दाखवावं’ असं नेमकं मागा, पंधरा दिवसांची मुदत द्या. सोबत तुमच्या दारातून काढलेला फोटो जोडा. दोन्ही दारांतलं अंतर टेपने मोजून साधा नकाशा काढलात तर आणखी चांगलं. कॅमेरा सामाईक पॅसेजच्या भिंतीवर असेल तर ती भिंत सोसायटीची आहे, आणि व्यवस्थापक समितीच्या परवानगीशिवाय तिथे काही ठोकता येत नाही. हा तुमचा सगळ्यात सोपा मुद्दा आहे. तो आधी मांडा, खासगीपणा नंतर.

कॅमेरा न्हाणीघराच्या किंवा झोपायच्या खोलीच्या खिडकीवर रोखलेला असेल तर मग पत्रव्यवहारात वेळ घालवू नका. तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खालचा गुन्हा ठरू शकतो. स्त्रीला तिच्या खासगी क्षणी पाहणं किंवा तिचं चित्रण करणं याला पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं शिक्षा आहे. शरीराच्या खासगी भागाचं चित्रण झालं असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66-ई लागतं. ते स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

एक करू नका : भिंगेवर टेप चिकटवणं, फवारा मारणं, वायर ओढणं. ते नुकसान तुमच्या नावावर रेकॉर्ड होतं आणि तक्रारदार क्षणात आरोपी होतो. असे प्रकार वर्षाला दोन-चार तरी येतात.

मुलगी मित्रासोबत रात्री अकराला घरी आली. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या कॅमेऱ्यातली क्लिप सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, खाली ‘पालकांनी लक्ष द्यावं’ असा मजकूर. ग्रुपच्या ॲडमिनवर कारवाई होईल का? (पुणे)

ॲडमिनवर नाही, टाकणाऱ्यावर होऊ शकते. सदस्याने टाकलेल्या मजकुराला ॲडमिन केवळ ॲडमिन आहे म्हणून जबाबदार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलं आहे. त्याने स्वतः टाकलं असेल किंवा ठरवून साथ दिली असेल तर गोष्ट वेगळी.

मुलगी सज्ञान असेल तर तक्रारदार तीच हवी, तुम्ही नव्हे. हे आई-वडिलांना पटवणं जड जातं. न्याय संहितेचं कलम 79 स्त्रीच्या खासगीपणात घुसखोरी करणाऱ्या कृतीला लागतं, तीन वर्षांपर्यंत साधी कैद. पण त्यासाठी तिच्या विनयाचा अवमान करण्याचा हेतू दाखवावा लागतो. इथे क्लिपखालचा तो मजकूरच तुमचा पुरावा आहे. म्हणून ग्रुप सोडू नका, ‘डिलीट करा’ म्हणूनही आधी भांडू नका. टाकणाऱ्याचा नंबर, तारीख-वेळ आणि मजकूर एका चौकटीत येईल असा स्क्रीनशॉट घ्या. शेवटी ग्रुपचं चॅट मीडियासकट एक्स्पोर्ट करून ठेवा. हे झाल्यावर खुशाल काढायला सांगा.

दुसरी बाजू सोसायटीची. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा घरगुती वापराला सूट देतो, पण सोसायटी म्हणजे घर नव्हे. तिथले कॅमेरे, गेटवरचं व्हिजिटर ॲप, रजिस्टरचे फोटो हे सगळं त्या कायद्याखाली येईल. ‘येईल’ म्हणायचं कारण असं की नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि संमती, हक्क, सुरक्षा यांच्या मुख्य तरतुदी त्यानंतर 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू व्हायच्या आहेत. त्यात दंड 250 कोटींपर्यंत आहे, मात्र तो सरकारी तिजोरीत जातो. तुमच्या हातात त्यातला एक रुपयाही पडणार नाही. नुकसानभरपाईच्या आशेने थांबून राहू नका.

आज करता येण्यासारखं म्हणजे समितीकडून लेखी ठराव मागा : कॅमेऱ्याचं दृश्य कोण दोघे-तिघे पाहतील, फुटेज किती दिवस राहील, आणि पडद्याचा मोबाइलने व्हिडिओ काढायचा नाही. अशा क्लिपा बहुतेक वेळा वॉचमनच्या केबिनमधल्या पडद्यावरून मोबाइलनेच काढलेल्या असतात. नीट पाहिलं तर कडेला टेबल किंवा ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसतं. डीव्हीआरचा पासवर्ड बसवणाऱ्याने दिलेलाच चालू आहे का, तेही विचारा. बहुधा तोच असतो, आणि तो त्या माणसाच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे सारखाच असतो.

पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरला कोणीतरी धडक देऊन गेलं. सेक्रेटरी फुटेज द्यायला तयार नाहीत, म्हणतात पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात आधी फुटेज आणा. (ठाणे)

सेक्रेटरी पूर्णपणे चुकीचे नाहीत. त्या फुटेजमध्ये इतरांच्याही हालचाली आहेत, ती तुमच्या पेन ड्राइव्हवर देण्याचं बंधन त्यांच्यावर नाही. पण फुटेज *जपून ठेवायला* तुम्ही त्यांना सांगू शकता, आणि ते आजच सांगा. कारण इथे कायद्यापेक्षा हार्ड डिस्क निष्ठुर आहे.

हिशोब असा. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा साधारण 2 एमबीपीएस वेगाने रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला 21-22 जीबी भरतात. चार कॅमेऱ्यांचे 86. एक टीबीची डिस्क अकरा-साडेअकरा दिवसांत भरते आणि डीव्हीआर न विचारता सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवं लिहू लागतो. आठ कॅमेरे असतील तर सहा दिवसही मिळत नाहीत. हालचाल दिसली तरच रेकॉर्ड करायचं असं सेटिंग असेल तर जास्त दिवस टिकतं, पण गेटवर हालचाल थांबते कधी? ‘महिनाभराचं असतं’ हे सेक्रेटरींचं वाक्य आम्ही फार वेळा ऐकलंय आणि क्वचितच खरं ठरलंय.

म्हणून आजच्या तारखेचं पत्र द्या : अमुक दिवशी, अमुक ते अमुक वेळेतलं, या-या कॅमेऱ्यांचं फुटेज वेगळं काढून सुरक्षित ठेवावं. वेळ मागेपुढे अर्धा तास जास्त मागा. डीव्हीआरचं घड्याळ बहुधा चुकलेलं असतं, कधी चार मिनिटं, कधी अख्खं वर्ष. फुटेज काढताना डीव्हीआरच्या पडद्यावरची वेळ आणि शेजारी मोबाइलवरची खरी वेळ एकाच फोटोत घ्या. हा एक फोटो नसल्याने चांगली फुटेजं संशयात सापडतात. क्लिप पडद्यावरून मोबाइलने काढू नका. डीव्हीआरच्या ‘बॅकअप’मधून मूळ स्वरूपात पेन ड्राइव्हवर घ्या, सोबत त्याचा प्लेअर येत असेल तर तोही.

पोलिसांकडे लेखी अर्ज द्या आणि त्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 94 चा उल्लेख करा. वस्तू किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद हजर करण्याचा आदेश ठाण्याचा प्रमुख या कलमाखाली काढू शकतो. ‘आधी फुटेज आणा’ याला उत्तर एवढंच : ते मिळवण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे, माझ्याकडे नाही.

जाता जाता एक. तक्रार पोलीस ठाण्यातल्याच वागणुकीची असेल, तर तिथल्या कॅमेऱ्यांचं फुटेज 18 महिने, आणि तेवढी साठवण बाजारात मिळत नसेल तर किमान एक वर्ष ठेवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये बजावलं आहे. तिथेही अर्ज लवकर केलेला बरा.

ऑफिसात कामासाठी पैसे मागतात. फोन रेकॉर्ड केला तर उलट माझ्यावरच गुन्हा होईल का? (लातूर) / बायको फोनवर शिवीगाळ करते, ते रेकॉर्डिंग घटस्फोटात चालेल का? (नाशिक)

दोन्ही पत्रांचं मूळ एक आहे. तुम्ही स्वतः ज्या संभाषणात बोलताय ते रेकॉर्ड करणं आणि दोन तिऱ्हाइतांचं संभाषण चोरून टिपणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात 2023 च्या दूरसंचार कायद्याचं कलम 42 येतं, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड आहे. बायकोच्या फोनमध्ये ॲप टाकून तिचे माहेरचे फोन ऐकणं या दुसऱ्या खान्यात पडतं. नाशिकच्या वाचकांनी हा फरक डोक्यात पक्का ठेवावा.

पहिल्या प्रकाराला जुना आधार आपल्या मुंबईचाच आहे. मुंबईचे तेव्हाचे कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी, पैसे मागत होते. समोरच्या डॉक्टरच्या संमतीने ते फोनवरचं बोलणं लाचलुचपत विभागाने टेपवर घेतलं, आणि 1972 मध्ये मलकानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरला. कसोट्या तीन : बोलणं मुद्द्याशी संबंधित हवं, आवाज कोणाचा ते ओळखता यायला हवं, आणि टेपमध्ये फेरफार झालेला नाही हे पटायला हवं. नवरा-बायकोच्या बाबतीत जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, वैवाहिक दाव्यात जोडीदाराचं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग केवळ गुपचूप केलं म्हणून नाकारता येणार नाही. ग्राह्य म्हणजे निर्णायक नव्हे. शिव्या रेकॉर्ड झाल्या तरी त्याआधीची तुमची वाक्यंही त्यात असतात, आणि न्यायाधीश सुरुवातीपासून ऐकतात.

लातूरकरांनी रेकॉर्डिंग घेऊन आधी साहेबाच्या साहेबाकडे जाऊ नये. 1064 वर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवा, पुढचं रेकॉर्डिंग ते पंचांसमक्ष करतात आणि तेच टिकतं. दडपणाखाली पैसे दिलेच असतील तर सात दिवसांच्या आत कळवा. त्या मुदतीत कळवलं तर देणाऱ्यावर लाच दिल्याचा ठपका येत नाही.

आता रेकॉर्डिंग कोर्टात का पडतं, ते. अर्जुन खोतकर यांच्या जालना निवडणुकीचा खटला आठवत असेल. 2014 मध्ये उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, हा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं प्रमाणपत्र ते अधिकारी देईनात. जुलै 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम पक्का केला : मूळ उपकरण कोर्टात आणत नसाल तर प्रत दाखल करताना प्रमाणपत्र हवंच. मागूनही ते मिळालं नसेल तर सूट मिळू शकते, पण मागितलं होतं हे दाखवता आलं पाहिजे. आज ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. भाग ‘अ’ उपकरण ज्याच्या ताब्यात आहे तो भरतो, भाग ‘ब’ तज्ज्ञ भरतो. दोन्हींत फाइलचा हॅश लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. एसएचए-256 पद्धतीने काढला तर 64 चिन्हांची ओळ मिळते. फाइलचं नाव बदललं तर ती तशीच राहते, पण सुरुवातीचा एक सेकंद कापला की अख्खी ओळ बदलते.

म्हणून रेकॉर्डिंग छाटू नका, आवाज वाढवू नका. वकिलांना व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आणि ज्या फोनवर रेकॉर्ड केलं तो एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू नका, मूळ पुरावा तोच आहे. बऱ्याच फोनमध्ये आता रेकॉर्डिंग सुरू होताच तशी सूचना दोघांनाही ऐकू येते. त्याला पर्याय म्हणून लोक स्पीकर लावून दुसऱ्या फोनवर टिपतात. चालतं, फक्त मग मूळ उपकरण तो दुसरा फोन ठरतो.

आधीचा मित्र माझे खासगी फोटो पसरवण्याची धमकी देतोय. काही फोटो मी स्वतःच पाठवले होते, म्हणून तक्रार करायला लाज वाटते. काही तर खोटे, चेहरा चिकटवलेले आहेत. (गाव दिलेलं नाही)

तुम्ही पाठवलेत म्हणून तुमची बाजू लंगडी होत नाही. कलम 77 च्या स्पष्टीकरणातच लिहिलं आहे की, चित्रणाला संमती दिली तरी ते तिसऱ्याला दाखवायला संमती नसेल, तर दाखवणं गुन्हा आहे. पाठलाग आणि नकोसा संपर्क यासाठी कलम 78, धमकीसाठी 351, पैसे मागत असेल तर खंडणीचं 308. अश्लील किंवा लैंगिक मजकूर पसरवला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची 67 आणि 67-ए. शेवटच्यात पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. चेहरा खोटा चिकटवला म्हणून त्याची सुटका होत नाही.

क्रम महत्त्वाचा आहे. त्याला ब्लॉक करण्याआधी पुरावा घ्या. त्याचं प्रोफाइल उघडण्यापासून धमकीच्या मेसेजपर्यंत सलग स्क्रीन रेकॉर्डिंग करा, प्रोफाइलची पूर्ण लिंक कॉपी करून ठेवा. नुसतं दिसणारं नाव पुरत नाही, ते तो मिनिटात बदलेल. पैसे देऊ नका. एकदा दिले की रक्कम वाढते, फोटो कुठेही जात नाहीत. स्वतःच्या फोनमधले ते फोटो रागाने पुसूनही टाकू नका, पुढच्या पायरीला ते लागतात.

ती पायरी म्हणजे ‘स्टॉप एनसीआयआय’ ही मोफत सेवा. तुम्ही 18 वर्षांच्या वर असाल तर तिथे फोटो निवडायचा. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही, फक्त त्याचा हॅश जातो. यात सहभागी असलेल्या समाजमाध्यमांवर तोच फोटो कोणी टाकला तर तो ओळखला जातो. फोटोत बराच काटछाट केला तर तो निसटू शकतो, म्हणून तुमच्याकडे त्याच्या जितक्या आवृत्त्या आल्या असतील तितक्या वेगवेगळ्या भरा. 18 खालच्यांसाठी ‘टेक इट डाउन’ ही वेगळी सेवा आहे.

फोटो पसरलाच असेल तर त्या माध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार करा. नग्नता किंवा बनावट चेहरा लावलेली चित्रं तक्रार आल्यावर काढायला 2021 च्या नियमांनी 24 तासांची कमाल मुदत घातली होती. तुमच्या वतीने बहीण किंवा मैत्रीणही ही तक्रार करू शकते. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर 30 दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील होतं, फी नाही.

पोलिसांसाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहे. महिला आणि मुलांच्या विभागात नाव न देताही तक्रार करता येते. पण निनावी तक्रारीचा पुढे माग काढता येत नाही आणि तपासात तुमचा जबाब लागतोच. आमचं मत : निनावी पर्याय दुसऱ्या कोणाचे फोटो दिसले तर वापरावा, स्वतःच्या बाबतीत नावानिशी करावी. कोणत्याही पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता नोंदवलेली फिर्याद, होतो. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने माहिती दिली तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करायची. आणि 1930 हा नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. त्याने पैसे उकळले असतील तरच तिथे धाव घ्या, मग मात्र तासाभराचाही उशीर नको.

गावातल्या एका मुलीवरच्या अत्याचाराची बातमी स्थानिक यूट्यूब चॅनेलने दाखवली. मुलीचा चेहरा पुसट केला, पण वडिलांची मुलाखत उघड, मागे घर आणि शाळेची पाटी. हे चालतं का? (सोलापूर जिल्हा)

नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम 23 मध्ये नाव आणि फोटोच नव्हे, तर पत्ता, कुटुंब, शाळा, शेजार, ओळख पटेल असं काहीही सांगायला बंदी आहे. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष, किंवा दंड, किंवा दोन्ही. वडील स्वतः कॅमेऱ्यासमोर आले म्हणून चॅनेल सुटत नाही. मुलाच्या हिताचं असेल तर लेखी कारणं देऊन परवानगी द्यायची ती विशेष न्यायालयाने. सज्ञान पीडितेसाठी न्याय संहितेचं कलम 72 आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. पीडितेचा मृत्यू झाला तरी बंदी उठत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये निपुण सक्सेना खटल्यात स्पष्ट केलं.

प्रेस कौन्सिलकडे जाऊ नका, ते वर्तमानपत्रांपुरतं आहे. डिजिटल बातम्यांसाठी 2021 च्या नियमांत आचारसंहिता होती, पण तिची सक्ती करणाऱ्या कलमांना मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगिती दिली. थेट पोलीस ठाणं आणि यूट्यूबची तक्रार, हे दोनच रस्ते लवकर पोहोचतात. तक्रारीत व्हिडिओची लिंक आणि आक्षेपार्ह जागा मिनिट-सेकंदासह लिहा. आणि ‘किती वाईट दाखवलंय बघा’ म्हणून तोच व्हिडिओ पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्यालाही हेच कलम आहे.

थोडक्यात

*दुकानात बिलासाठी मोबाइल नंबर मागतात (कोल्हापूर).* नंबर दिल्याशिवाय बिल करणार नाही असा हट्ट धरू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे 2023 मध्ये किरकोळ विक्रेत्यांना कळवलं आहे. ‘छापील बिल द्या’ म्हणा. कॅशियर म्हणेल सिस्टिम पुढे जात नाही. मॅनेजर आला की जाते.

*लॉजवर आधारची झेरॉक्स ठेवून घेतात (मडगाव).* ओळखपत्र दाखवावं लागतं, पण ते आधारच हवं असं नाही. आधारच द्यायचं तर संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ उतरवून घ्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्सवर आडवं लिहा : कोणासाठी, कशासाठी, तारीख. कोपऱ्यात नको, फोटोवरून आणि मजकुरावरून जाईल असं लिहा. कोपरा कापता येतो.

*नाकाबंदीत हवालदाराने मोबाइल उघडून गॅलरी पाहिली (छत्रपती संभाजीनगर).* नुसत्या नाकाबंदीमुळे गॅलरी चाळण्याचा अधिकार मिळत नाही. गुन्ह्याच्या संशयावरून फोन जप्त होऊ शकतो, पण मग पंचनामा हवा आणि जप्तीचं चित्रीकरणही हवं, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 मध्ये आहे. पंचनाम्यात फोनचा आयएमईआय नंबर लिहून घ्या आणि प्रत मागा. तो नंबर *#06# दाबून आजच वहीत उतरवून ठेवा, जप्तीच्या वेळी फोन तुमच्या हातात नसतो. लायसन्स डिजिलॉकरमध्ये दाखवायचं असेल तर अँड्रॉइडमध्ये ‘ॲप पिनिंग’ आणि आयफोनमध्ये ‘गायडेड ॲक्सेस’ आधी चालू करा. फोन समोरच्याच्या हातात गेला तरी पडद्यावर तेवढं एकच ॲप राहतं, बाहेर पडायला पिन लागतो.